दोनने जास्त की दीडपट?

राष्ट्रध्वजाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर ३:२ असतं. पाचवीतल्या मुलांना ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद आयत दाखवा आणि सांगा, असाच पण मोठा ध्वज काढायचा आहे, लांबी १२ सेंटिमीटर हवी, तर रुंदी किती घ्याल? बरीच मुलं ११ म्हणतात. लांबी नऊने वाढली, म्हणून रुंदीही नऊने वाढवली. तर्क सरळ आहे, बेरीजही बरोबर आहे. पण १२ बाय ११चा आयत प्रत्यक्ष कागदावर उतरला की त्याच मुलांना तो खटकतो. तो जवळजवळ चौरस झालेला असतो, ध्वजासारखा दिसत नाही. डोळ्यांना जे लगेच कळलं, ते आकड्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं.

प्राथमिक शाळेतल्या गुणोत्तराचा सगळा प्रश्न या अंतरात आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात ‘गुणोत्तर-प्रमाण’ हा धडा येतो आणि मुलांची या कल्पनेशी पहिली गाठ तिथंच पडते, असं आपण धरून चालतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं संशोधन वाचलं आणि मराठी घरांत, बाजारांत, शेतांत बोलली जाणारी भाषा कान देऊन ऐकली, तर वेगळं चित्र दिसतं. गुणोत्तराची जाण मुलांना फार लवकर येते. तिच्यासाठी लागणारे पुष्कळ शब्दही ती घरून आणतात. पहिली ते पाचवी या पाच वर्षांत शाळा मात्र त्या जाणिवेशी बोलत नाही, आणि सहावीत दोन टिंबांचं चिन्ह, व्याख्या आणि रीत एकदमच समोर येतात.

मुलांना काय येतं, कधी येतं

या विषयावरच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा ज्याँ पियाजेपासून करतात. पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५५ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तराजूचा काटा, दिव्यामुळे पडणाऱ्या सावल्या असे प्रयोग मुलांपुढे ठेवले आणि निष्कर्ष काढला की प्रमाणाचा खरा विचार अकरा-बारा वर्षांनंतरच, अमूर्त विचाराच्या टप्प्यावर येतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांवर या निष्कर्षाचा खोल ठसा उमटला. गुणोत्तर सहावीच्या अलीकडे नको, हा जगभरचा अलिखित नियम झाला.

पुढे अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कारप्लस यांनी एक साधं कोडं तयार केलं. एक बुटका माणूस आणि एक उंच माणूस. बटणं एकावर एक मांडून मोजलं तर बुटका ४ बटणं उंच, उंच माणूस ६ बटणं. त्याच बुटक्याला कागदाच्या क्लिपांनी मोजलं तर ६ क्लिपा लागतात. उंच माणसाला किती लागतील? उत्तर ९. पण ८ म्हणणारी मुलं ठिकठिकाणी सापडली, कारण उंच माणूस ‘दोनने जास्त’ आहे. हेच कोडं इंग्लंडमध्ये कॅथलीन हार्ट यांनी माध्यमिक शाळांत वापरलं. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये झालेल्या या मोठ्या अभ्यासाचा अहवाल १९८१ साली आला. गुणाकाराच्या जागी बेरीज करण्याची ही सवय पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत टिकते, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं.

हार्ट यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग चुकांचा नाही, बरोबर उत्तरांचा आहे. आठ माणसांसाठी सूप करायची कृती दिली आणि सहा माणसांसाठी किती साहित्य लागेल असं विचारलं, तेव्हा ज्यांना उत्तर आलं त्यांच्यातल्या फार थोड्यांनी शाळेत शिकवलेलं सूत्र वापरलं होतं. बाकीच्यांनी आपली वाट काढली. आठाचं निम्मं चार, चाराचं निम्मं दोन, चार आणि दोन मिळून सहा, म्हणून निम्म्यात निम्म्याचं निम्मं मिळवा. आपल्या घरांतही पाहुणे वाढले की पीठ असंच वाढतं. शाळेनं दिलेली रीत बाजूला ठेवून मुलं ज्या रीतीनं विचार करतात, ती रीत वर्गात कधी फळ्यावर येत नाही. ती आली पाहिजे.

पियाजेनं ठरवलेली वयाची सीमाही पुढे सैल झाली. १९९१ साली अलिना स्पिनिलो आणि पीटर ब्रायंट यांनी दाखवलं की सहा वर्षांच्या आसपासची मुलं प्रमाणांची तुलना बरोबर करतात, फक्त त्या तुलनेत ‘अर्धा’ ही खूण मदतीला हवी. एका चित्रात अर्ध्याहून कमी भाग रंगवलेला आणि दुसऱ्यात अर्ध्याहून जास्त असेल, तर त्यांना जमतं. दोन्ही अर्ध्याच्या एकाच बाजूला असले की अडतं. २००७ साली कोलीन मॅकक्रिंक आणि कॅरन विन यांनी तर सहा महिन्यांच्या बाळांना दोन प्रकारच्या आकृत्यांचा समूह दाखवून पाहिलं. एकास दोन आणि एकास चार यांतला फरक त्या बाळांच्या नजरेला जाणवत होता.

मग चौथी-पाचवीत अडतं कुठं? २००८ साली टाय बॉयर, सुसान लेव्हाइन आणि जॅनेलेन हटनलॉकर यांनी केलेला प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. रस आणि पाणी यांचं मिश्रण उभ्या रंगीत पट्ट्यांनी दाखवलं. पट्ट्या अखंड असताना लहान मुलं तेवढंच गोड मिश्रण बरोबर ओळखत होती. त्याच पट्ट्यांवर समान तुकडे पाडणाऱ्या रेघा मारल्या, की मुलं तुकडे मोजू लागली आणि चुकू लागली. म्हणजे जाण होती. मोजण्याची सोय समोर आली आणि तिनं जाणिवेला मागे ढकललं. आपल्या शाळांत पहिलीपासून मोजणी आणि बेरीज यांवर जो भर आहे, तो आवश्यकच आहे. पण सगळ्या तुलना मोजूनच करायच्या असतात असा धडा मुलं त्यातून आपोआप घेतात.

कॅनडातल्या जेराल्ड नोएल्टिंग यांनी संत्र्याच्या रसाचे प्रश्न सोपे ते अवघड अशा पायऱ्यांनी लावले. १९८० साली प्रसिद्ध झालेलं हे काम आजही शिक्षकांच्या उपयोगाचं आहे. मी तोच प्रश्न कोकम सरबतावर मांडतो. एका भांड्यात १ वाटी आगळ आणि ३ वाट्या पाणी. दुसऱ्यात २ वाट्या आगळ आणि ५ वाट्या पाणी. जास्त आंबट कोणतं? फरक पाहणारं मूल म्हणतं, पहिल्यात पाणी दोननेच जास्त, दुसऱ्यात तीनने, म्हणून पहिलं आंबट. आता पहिलं सरबत दुप्पट करा: २ वाट्या आगळ, ६ वाट्या पाणी. दुसऱ्यात तेवढ्याच आगळाला पाणी पाचच वाट्या आहे. दुसरंच आंबट. इथं भागाकार, छेद समान करणं, दशांश यांतलं काहीच लागलं नाही. ‘दोन्हीकडे आगळ सारखं करून बघू’ हा एक विचार पुरला, आणि चौथीतलं मूल तो करू शकतं. शिवाय सरबत चाखूनही पाहता येतं. उत्तराची खात्री मुलाला स्वतःच्या जिभेवर मिळते, त्यासाठी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जावं लागत नाही.

‘पट’ची वाट आणि ‘दरा’ची वाट

फ्रान्सच्या जेरार्ड व्हेर्न्यो यांनी १९८०च्या दशकात गुणाकाराच्या सगळ्या प्रश्नांचा एकत्र विचार मांडला. त्यातला एक भेद शिक्षकानं पक्का लक्षात ठेवावा असा आहे. ३ वह्यांची किंमत ४५ रुपये, तर १२ वह्यांची किती? एका वाटेनं गेलं तर १२ वह्या ३ वह्यांच्या चौपट, म्हणून पैसेही चौपट. दुसऱ्या वाटेनं, एका वहीला १५ रुपये, म्हणून १२ वह्यांना १८०. पहिल्या वाटेत वह्यांची तुलना वह्यांशी आणि पैशांची पैशांशी होते. दुसरीत वही आणि पैसे यांना जोडणारा दर सापडतो.

आपल्याकडे शाळेत ‘एकमान पद्धत’ या नावानं जवळजवळ एकटी दुसरी वाट शिकवली जाते. वह्यांची किंमत ४५ ऐवजी ४० असती तर? एका वहीची किंमत काढताना १३ रुपये आणि वर एक तृतीयांश, इथंच मूल थांबतं. चौपट केलं तर १६० तोंडी येतात. आकडे पाहून वाट निवडता येणं हीच समज आहे, आणि एकच वाट सक्तीची केली की ती निवड संपते. एकमान पद्धत वाईट नाही. ती एकमेव असणं वाईट आहे.

या दोन्ही वाटा शाळेबाहेर रोज चालतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस, अ‍ॅनालुसिया श्लीमन आणि डेव्हिड कॅराहर यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध केला. पाच मुलं, वय ९ ते १५. विक्री करताना विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या गणितांच्या रूपात दिली तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्के. ३५ क्रुझेरोला एक याप्रमाणे दहा नारळ कितीला, हे बारा वर्षांच्या मुलानं तीन नारळांच्या १०५ या आकड्यावरून रचत नेलं. १०५, २१०, ३१५, आणि वर एकाचे ३५. दहानं गुणताना पुढे शून्य द्यायचं असतं हे त्यानं वापरलं नाही. उत्तर मात्र ३५० अचूक आलं.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीसारख्या, घराघरांत लहानमोठे उद्योग चालणाऱ्या वस्तीतल्या शाळकरी मुलांचं शाळेबाहेरचं गणिती ज्ञान अभ्यासलं आहे. घरच्या कामात हातभार लावणाऱ्या मुलांना माप, दर, नगामागची मजुरी यांची ओळख असते, पण ती तुकड्यातुकड्यांची असते. शाळेतल्या गणिताशी ती आपसूक जोडली जात नाही. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो. बाजारातलं गणित आलं म्हणजे शाळेतलं आलंच असा भाबडा समज तो ठेवू देत नाही, आणि या मुलांना काही येत नाही असा उद्धट समजही ठेवू देत नाही.

घरची मराठी, पुस्तकाची मराठी

आता शब्दांकडे येऊ. गुणोत्तराची केवढी घरगुती मराठी शब्दसंपत्ती मुलांच्या कानावर सतत असते, याची शाळेला जाणीव दिसत नाही. गवंडी ‘एकास सहाचा माल’ म्हणतो तेव्हा एक घमेलं सिमेंट आणि सहा घमेली वाळू हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फवारणी करणारा शेतकरी ‘लिटरला दोन मिली, पंपाला तीस’ म्हणतो, कारण त्याचा पंप पंधरा लिटरचा असतो. उतारा ‘एकरी’ सांगतात, जेवणाचा खर्च ‘माणशी’, व्याज ‘शेकडा’. ‘किलोमागे’, ‘डझनाला’, ‘तासाला’. जमीन ‘अर्धेलीनं’ लावतात. मोदकाच्या उकडीला पिठी आणि पाणी ‘एकास एक’, भाताला पाणी ‘दुप्पट’. या प्रत्येक शब्दात दोन राशींचं नातं आहे, आणि तो उच्चारताना कुणी वजाबाकी करत नाही.

यात ‘पट’ आणि ‘मानानं’ हे दोन शब्द मी सर्वांत वर ठेवीन. ‘पट’ दुसरी-तिसरीत गुणाकाराबरोबर येतो, पण दुप्पट, तिप्पट, चौपट एवढ्यावर थांबतो. कारप्लस यांच्या कोड्यात मुलं अडतात त्याचं एक कारण असं की ४ आणि ६ यांत पूर्ण पट नाही. बुटका ४ आणि उंच ८ बटणं असता, तर त्यांतली पुष्कळ मुलं दुप्पट म्हणाली असती. पूर्ण पट सापडली नाही की मूल बेरजेकडे वळतं, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मराठी मुलाला इथं लागणारा शब्द आहे ‘दीडपट’. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. ते घोकणं परत आणावं असं मी म्हणणार नाही. पण ‘सहा दिडे नऊ’ हे ज्याच्या कानात आहे, त्याला ६ क्लिपांची दीडपट ९ हे परकं वाटत नाही. सव्वापट, दीडपट, अडीचपट हे शब्द तिसरी-चौथीत कागदाच्या पट्ट्या आणि दोऱ्या मापताना वापरात आले, तर पूर्ण पटीकडून अपूर्ण पटीकडे जाणारी अवघड पायरी मराठीत सोपी होऊ शकते. दीड, अडीच यांना स्वतंत्र, एकेरी नावं असणाऱ्या भाषा फार नाहीत.

‘मानानं’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. सुसान लॅमन या अमेरिकी अभ्यासक निरपेक्ष आणि सापेक्ष तुलना यांतला फरक हा प्रमाणविचाराचा पाया मानतात. एक रोप ४ फुटांवरून ८ फुटांवर गेलं, दुसरं १० वरून १४ वर. जास्त कोणतं वाढलं? दोन्ही चार फूटच वाढली, हे एक उत्तर. मराठीतलं मूल दुसरं उत्तरही सहज देऊ शकतं: ‘पहिलं त्याच्या मानानं जास्त वाढलं.’ वयाच्या मानानं उंच, पगाराच्या मानानं खर्च, असं आपण येता-जाता बोलतो. सापेक्ष तुलनेसाठी इतका नेमका, आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी असलेला शब्द गणिताच्या पुस्तकात जवळजवळ दिसत नाही. तो यायला हवा, आणि ‘दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत’ हेही वर्गात स्पष्ट बोललं जायला हवं. बेरजेनं केलेली तुलना चुकीची नसते. ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असते.

घरच्या भाषेत अडचणीही आहेत. ‘प्रमाण’ हा शब्द घ्या. घरात ‘मिठाचं प्रमाण जास्त झालं’ म्हणजे मीठ जास्त पडलं. पुस्तकात दोन गुणोत्तरं समान असली की ती प्रमाणात असतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रैराशिकाच्या, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीतल्या, पहिल्या राशीला प्रमाण म्हणतात. शिवाय प्रमाणपत्र आणि प्रमाणभाषा आहेतच. चौथीतल्या मुलाला ‘प्रमाण’ म्हणजे ‘किती’ एवढाच अर्थ माहीत असतो, म्हणून ‘साखरेचं प्रमाण’ विचारलं की ते वाट्यांची संख्या सांगतं. यावर तोडगा शब्द बदलण्याचा नाही. ‘कशाच्या मानानं?’ हा प्रतिप्रश्न प्रत्येक वेळी विचारण्याची सवय लावणं, हा आहे.

‘तिपटीनं वाढलं’ हा प्रयोग तर मोठ्यांनाही गोंधळात टाकतो. १०० चे ३०० झाले की ४०० झाले? वर्तमानपत्रांत दोन्ही अर्थांनी तो सापडतो. वर्गात ‘तिप्पट झालं’ आणि ‘दुपटीएवढी भर पडली’ अशी स्वच्छ वाक्यं वापरावीत. क्रमाचाही प्रश्न आहे. ‘मुली मुलांच्या दुप्पट’ हे वाक्य चिन्हात लिहिताना १:२ लिहिणारी मुलं पुष्कळ असतात, कारण दुप्पट हा शब्द शेवटी आला. आणि भाग व पूर्ण यांची गल्लत तर फारच चिवट आहे. आगळ आणि पाणी १:३ असेल तर सरबतात आगळ किती? एक तृतीयांश म्हणणाऱ्या मुलानं भागाची तुलना दुसऱ्या भागाशी केली, पूर्णाशी नाही. ३:४ आणि ३/४ हे एकाच रूपात लिहिता येतात, म्हणून ही गल्लत पुस्तक स्वतःच थोडी वाढवतं. ‘आगळाच्या तिप्पट पाणी’ आणि ‘चार वाट्यांतली एक आगळाची’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बोलून घेतल्याशिवाय चिन्हाकडे जाऊ नये.

शब्दांनी खरोखर फरक पडतो का, याची तपासणी झालेली आहे. कोरियन भाषेत एक तृतीयांश म्हणताना ‘तीन भागांतला एक’ अशी रचना होते. १९९९ साली आयरीन मिउरा आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की शाळेत अपूर्णांक शिकवण्याआधीच कोरियन मुलं अपूर्णांकांची चित्रं अमेरिकी आणि क्रोएशियन मुलांपेक्षा बरोबर ओळखतात. २००३ साली पाइक आणि मिक्स यांनी अमेरिकी मुलांना इंग्रजीतच तशी वाक्यरचना ऐकवली, आणि त्यांचीही उत्तरं सुधारली. म्हणजे फायदा एखाद्या भाषेच्या नशिबाचा नव्हता, नातं उघड करून सांगण्याचा होता. मराठीत ‘तीन छेद चार’ या उच्चारात कोणतंच नातं ऐकू येत नाही. ‘चारांतले तीन’मध्ये येतं. ‘पाऊण’ म्हटलं तर मुलाच्या डोळ्यापुढे पाऊण पोळी उभी राहते. तिन्ही शब्द हवेत, पण क्रम उलटा हवा.

गणिताच्या मराठी शब्दांबद्दल आपल्याकडे चर्चा होत नाही असं नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचनही दिलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मुलांची खरी अडचण ओळखून तो बदल केला होता. तो वाद संख्यानामांवरच थांबला. पट, मानानं, वाटा या शब्दांच्या वाट्याला त्या आस्थेतली थोडीही आली नाही, याचं वाईट वाटतं.

त्रैराशिकाचं सामर्थ्य आणि त्याची सीमा

आपल्या परंपरेत या विषयाला मोठं स्थान आहे. आर्यभटानं इ.स. ४९९च्या सुमारास त्रैराशिकाचा नियम सूत्ररूपात दिला. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सांगितलं की जसं विश्व नारायणानं व्यापलं आहे तसं सगळं गणित त्रैराशिकानं व्यापलं आहे. त्यातलं केशराचं उदाहरण प्रसिद्ध आहे: अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला, तर नऊ निष्कांना किती? नऊ निष्क म्हणजे तीन सप्तमांशाची एकवीसपट, म्हणून अडीच पलांची एकवीसपट, साडेबावन्न पल. भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिक कधी वापरायचं हेही सांगून ठेवलं: इच्छा, म्हणजे जिच्यासाठी उत्तर काढायचं ती राशी, वाढली की जिथं फल, म्हणजे उत्तर, घटतं, तिथं. रीतीइतकंच रीतीची जागा ओळखणं महत्त्वाचं, हे भान त्या मांडणीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. हा वारसा खानदेशातल्या शाळांना तर अंगणातला आहे.

पुढच्या काळात शाळांनी रीत ठेवली, भान गळालं. तिरकस गुणाकार करा, भागा, उत्तर लिहा. बेल्जियममध्ये लीव्हन व्हर्शाफेल, दिर्क दे बॉक आणि विम व्हान डोरेन यांनी याचा परिणाम दाखवून दिला. दोरीवर तीन टॉवेल वाळायला १२ तास लागतात, तर सहा टॉवेल वाळायला किती? २४ म्हणणारी मुलं भरपूर निघाली. तिसरीपासून वरच्या प्राथमिक वर्गांकडे जाताना ही चूक कमी न होता वाढत गेली आणि नंतर हळूहळू उतरली. म्हणजे शिकवण्यानंच ती पेरली होती. मोठेही सुटलेले नाहीत. १९९३ साली कॅथलीन क्रेमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या भावी प्राथमिक शिक्षकांना विचारलं: दोघी सारख्याच वेगानं मैदानाला फेऱ्या मारतात, पण एकीनं आधी सुरुवात केली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती? ३३ पैकी ३२ जणांनी त्रैराशिक मांडलं आणि ४५ उत्तर काढलं. वेग सारखा आहे, म्हणून अंतर सहा फेऱ्यांचंच राहतं. उत्तर २१.

ध्वजाच्या प्रश्नात गुणाकाराच्या जागी बेरीज झाली होती, इथं बेरजेच्या जागी गुणाकार. चुका उलट दिसतात, पण मूळ एकच आहे. परिस्थिती न पाहता आकडे पाहून क्रिया निवडली. म्हणून मला वाटतं, प्राथमिक शाळेत गुणोत्तराची गणितं आणि गुणोत्तराची नसलेली गणितं एकाच पानावर हवीत. धड्याचं नाव ‘गुणोत्तर’ असेल आणि खालची सगळी गणितं त्याच रीतीची असतील, तर विचार करायला जागाच उरत नाही.

वर्गात काय चालतं

जगात दोन साधनं सर्वांत जास्त वापरली गेली. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेनथाल यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या वास्तवनिष्ठ गणित शिक्षणानं गुणोत्तराचा तक्ता रुळवला. सिंगापूरनं १९८०च्या दशकापासून पट्टीचित्रांची रीत प्राथमिक शाळेत आणली. तक्ता अगदी साधा आहे. वरच्या ओळीत तांदूळ, खालच्या ओळीत उडीद: ३ वाट्यांना १, ६ ला २, निम्मे केले की दीड वाटीला अर्धी, आणि दोन रकाने मिळवले की साडेसातला अडीच. सूपच्या प्रश्नातली मुलं डोक्यात जे करत होती, तेच इथं कागदावर येतं. म्हणून मराठी वर्गात सुरुवात तक्त्यानं करावी असं माझं मत आहे. एक सावधगिरी मात्र हवी. रकाने एकेक करत पुढे नेले तर मूल तीन-तीन मिळवत राहतं आणि बेरजेतच अडकतं. मधले रकाने गाळून एकदम पाचपटीवर, दहापटीवर उडी मारायला लावली तरच पटीचा विचार जागा होतो. पट्टीचित्र वाटणीच्या गणितांत, म्हणजे भाग आणि पूर्ण यांच्या गोंधळात जास्त उपयोगी पडतं. २:३ असे वाटे केले तर पाच सारख्या चौकटी डोळ्यांसमोर येतात आणि ‘एकूण पाच’ हे सांगावं लागत नाही.

अभ्यासक्रमांनी या सगळ्याला दिलेली जागा देशोदेशी वेगळी आहे. इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिकच्या शेवटच्या, सहाव्या वर्षात ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ हा स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१०च्या समान मानकांत तो सहावीत सुरू होतो. आपल्याकडे एनसीईआरटीच्या आधीच्या पुस्तकात गुणोत्तर सहावीत होतं, तर नव्या ‘गणित प्रकाश’ मालिकेत प्रमाणविचाराचा मुख्य धडा आठवीत आहे. चिन्ह आणि संज्ञा दोन वर्षं उशिरा आल्या तर मला त्यात तोटा दिसत नाही, मात्र खालच्या वर्गांतलं काम झालेलं असेल तरच. आज पाचवीपर्यंत गुणाकार, अपूर्णांक, मापन आणि परिसर अभ्यासातला नकाशा हे चार धडे स्वतंत्र राहतात. नकाशावर ‘१ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर’ वाचणारं मूल गुणोत्तरच वाचत असतं, पण त्या दिवशी गणिताचा तास नसतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात यासाठी वेगळा वेळ लागेलच असं नाही. तिसरीत दोऱ्या आणि कागदी पट्ट्या घेऊन ‘ही हिच्या किती पट?’ विचारता येतं आणि उत्तरात दीडपट, सव्वापट येऊ देता येतं. चौथीत सरबत करता येतं. पाचवीत तक्ता भरता येतो, आणि त्याच आठवड्यात टॉवेलांचा प्रश्नही विचारता येतो. ‘दोनास तीन’ हे वाचन आणि दोन टिंबांचं चिन्ह यानंतर यावं. चाचणीतही उत्तराच्या आकड्याला अर्धेच गुण ठेवावेत. बाकीचे अर्धे ‘इथं पट का घेतली, किंवा का घेतली नाही, ते एका वाक्यात लिहा’ या प्रश्नाला द्यावेत, आणि ते वाक्य मुलानं घरच्या मराठीत लिहिलं तरी पूर्ण गुण द्यावेत.